पाणी संपतं तिथे लक्ष हवं

वाचकाचं पत्र:

'ताई, बायको संध्याकाळच्या पाळीत काम करते, त्यामुळे रात्रीचं जेवण माझ्याकडे असतं. घरी मी आणि दोन मुलं, मोठी मुलगी नऊ वर्षांची. सुट्टीच्या दिवशी पुस्तकात बघून काही वेगळं केलं तर छान होतं. पण दमून आलो की साधा भात, डाळ, कुस्करलेला बटाटा एवढंच करायला घेतो आणि नेमकं तेच बिघडतं. भात कधी कच्चा राहतो, कधी त्याचा लगदा होतो. परवा तर तळाला लागला, घाईत ढवळला आणि सगळ्याच भाताला करपट वास आला. डाळीत बायकोने जाताना मीठ घातलं होतं, मीही घातलं. कच्चा बटाटा टाकून पाहिला, फरक पडला नाही. एकदा उकडलेले बटाटे मिक्सरला फिरवले तर खळ झाली. मध्यंतरी रात्रीचा भात ओट्यावरच राहिला होता, तो सकाळी चांगला गरम करून खाल्ला, तरी मला उलट्या झाल्या. मुलगी म्हणते, "आईचा भात हवा." फार वाईट वाटतं. एवढं साधं जमत नसेल तर रोज बाहेरूनच मागवावं का?'

नमस्कार,

सुट्टीच्या दिवशी जमतं आणि दमल्यावर बिघडतं, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथेच दिसतं. हाताला चव नसती तर सुट्टीच्या दिवशीही जमलं नसतं. त्या दिवशी तुम्ही शेगडीपाशी उभे असता, डोळे पातेल्यात असतात. कामावरून आल्यावर पातेलं चढवता आणि अभ्यास, दप्तर, फोन यांच्याकडे वळता, कारण 'भातच तर आहे'. आणि भाताची गंमत अशी की सुरुवातीला त्याच्याकडे पाहिलं नाही तरी चालतं, पण शेवटच्या तीन-चार मिनिटांत त्याच्यापासून हलता येत नाही.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, कारण तुमचे बरेचसे घोटाळे त्याने आपोआप कमी होतील. पातेल्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. गॅस मोठा केला तर पाणी लवकर आटतं एवढंच, ते जास्त तापत नाही. त्यामुळे पाण्यात शिजणारं अन्न करपत नाही. पाणी संपलं की मात्र तळाचं तापमान भराभर चढतं. 140 अंशांच्या आसपास अन्न झपाट्याने तांबूस व्हायला लागतं आणि तिथून करपायला फार वेळ लागत नाही. कांदा परतताना हे अगदी डोळ्यांना दिसतं. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते निघून जाईपर्यंत कांदा नुसता मऊ पडत राहतो, रंग म्हणून येत नाही, आपण कंटाळतो आणि जरा बाजूला होतो. तेवढ्यात पाणी संपतं, कांदा सोनेरी होतो, आणि परत येईपर्यंत काळाही झालेला असतो. तुमच्या घरात नेमकी त्याच वेळी 'बाबा, हे गणित सुटत नाहीये' अशी हाक येत असणार.

म्हणून माझा पहिला सल्ला: दमलेल्या दिवशी ज्यातलं पाणी शेवटपर्यंत संपत नाही, असेच पदार्थ करा. पातळ डाळ, भाज्यांचं सूप, भरपूर पाण्यातला आसट भात, उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी. यांना दहा मिनिटं जास्त लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही. अंडी जास्त उकळली तर बलकाभोवती हिरवट कडा येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन ती होते. दिसायला बरी नाही, पण खायला काही अपाय नाही. मोकळा भात, परतलेल्या भाज्या, खरपूस बटाटे हे सगळं ज्या दिवशी शेगडीपाशी उभं राहण्याइतकी ताकद असेल त्या दिवसासाठी ठेवा. आणि तळण तर दमलेल्या दिवशी नकोच. तेलाला पाण्यासारखी 100 अंशांची मर्यादा नसते, ते तापतच जातं आणि दुर्लक्ष झालं तर पेटही घेतं. तशी वेळ आलीच तर गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवायचं. पेटत्या तेलावर पाणी कधीही ओतायचं नाही, आणि कढई उचलून न्यायची नाही. हे मुलीलाही सांगून ठेवा.

पाण्यातल्या पदार्थांबाबत एक सावधगिरी. आसट भात किंवा डाळ फार घट्ट झाली की पाणी असूनही तळाला लागते, कारण घट्ट पदार्थ आतल्या आत फिरत नाही आणि तळाची उष्णता तळालाच अडकते. डावातून ओघळेल इतपत पातळ ठेवा, घट्ट व्हायला लागली की कढत पाणी घाला आणि तळापासून ढवळा. शेजारी छोट्या भांड्यात गरम पाणी ठेवायची सवय लावून घ्या. रोजच्या स्वयंपाकात याच्याइतकी उपयोगी सवय क्वचितच दुसरी असेल.

आता भात. कधी कच्चा, कधी लगदा, याचं कारण बहुतेक 'एकास दोन' हे प्रमाण असावं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, म्हणून तीन वाट्यांना सहा, असं आपण धरून चालतो. पण पाणी दोन वाटांनी जातं. एक भाग दाणा पितो. मोकळ्या भाताला हा भाग साधारण तांदळाच्या मापाइतकाच असतो, तांदूळ वाढला की तोही वाढतो. दुसरा भाग वाफ होऊन उडतो, आणि तो पातेलं किती रुंद आहे, झाकण किती घट्ट बसतं आणि किती वेळ शिजतंय यावर ठरतो. तांदूळ तिप्पट झाला म्हणून वाफ तिप्पट उडत नाही. म्हणून एक वाटीला जमलेलं प्रमाण तीन वाट्यांना लावलं की पाणी जास्त होऊन लगदा होतो, आणि तीन वाट्यांचं जमलेलं प्रमाण एकट्यापुरत्या भाताला लावलं की पाणी आधी संपून दाणा कच्चा राहतो. त्यात तांदूळ बदलला की गणित पुन्हा बदलतं. जुना तांदूळ पाणी जास्त मागतो आणि मोकळा होतो, नवा तांदूळ कमी पाण्यात चिकट होतो.

तेव्हा दोन आठवडे एकच तांदूळ, एकच पातेलं, एकच झाकण आणि एकच माप ठेवा. तिघांना लागतो तेवढाच भात, रोज तेवढाच. पाणी वाटीने मोजून घाला आणि कागदावर लिहून ओट्याजवळ चिकटवा. भात फडफडीत झाला तर दुसऱ्या दिवशी पाव वाटी पाणी वाढवा, लगदा झाला तर पाव वाटी कमी करा. तांदूळ अर्धा तास भिजलेला असेल तर सगळा दाणा एकसारखा शिजतो आणि वेळही वाचतो. घरी आल्या आल्या, हातपाय धुण्याआधी, तांदूळ धुऊन भिजत टाका.

पाणी पृष्ठभागावरून दिसेनासं झालं आणि भातावर छोटी छोटी भोकं दिसायला लागली की तिथून हलायचं नाही. गॅस अगदी बारीक करा. आवाजही ऐका: पाणी असतं तोवर खदखद ऐकू येते, संपत आलं की ती थांबून बारीक चरचर सुरू होते. चरचर ऐकू आली की गॅस बंद. मग झाकण न उघडता दहा मिनिटं तसंच राहू द्या. वरचा दाणा कोरडा आणि खालचा ओला असतो, त्या दहा मिनिटांत ओल सगळीकडे सारखी पसरते. भुकेली मुलं समोर असताना ही दहा मिनिटं फार लांब वाटतात, हे मान्य आहे. तेवढ्या वेळात ताटं घ्या, काकडी चिरा.

आणि लागलाच तळाला, तर ढवळू नका. करपल्याचा वास तळाच्या थरात असतो, ढवळलं की तो सगळ्या दाण्यांत मिसळतो आणि मग कशानेही जात नाही. गॅस बंद करा, वरचा पांढरा भात अलगद डावाने दुसऱ्या भांड्यात काढा. खालचा चिकटलेला थर अजिबात खरवडू नका. वरच्या भाताची एक शितं-दोन शितं खाऊन बघा. वास नसेल तर तो भात खुशाल वाढा. लागलेल्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून उकळी काढा आणि थंड होऊ द्या, थर सुटून येतो. पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, भांडं काळं पडतं. तिथे नुसतं पाणी उकळून रात्रभर ठेवा.

पत्रातली मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती ओट्यावर राहिलेल्या भाताची. तुम्हाला लिहायचं होतं ते बटाट्याबद्दल आणि मिठाबद्दल, पण खरं संकट हे आहे. तांदळात एका जातीच्या जिवाणूचे बीजाणू असतात, त्याचं नाव बॅसिलस सेरिअस. हे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून तुम्ही भात कितीही कढत केला असता तरी उपयोग नव्हता. उलट्या बहुधा एक ते सहा तासांत सुरू होतात. तुमच्या उलट्या त्याच भाताने झाल्या असं मी इथून खात्रीने सांगू शकत नाही, पण तसा भात पुन्हा खाऊ नका आणि मुलांना तर मुळीच देऊ नका. लहान मुलाच्या उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात राहत नसेल, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरकडे न्या.

उरलेला भात वाया घालवायची गरज नाही, फक्त तो लवकर थंड व्हायला हवा. जेवणं झाली की ताटात पातळ पसरा, वाफ गेली की झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये, शिजल्यापासून तासाभराच्या आत. खोल पातेल्यात ठेवलेला भात मध्यभागी फार वेळ कोमट राहतो, म्हणून पातेलं तसंच फ्रिजमध्ये सरकवू नका. दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा. फ्रिजमधला भात कडक लागतो, कारण थंडीत त्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट होतं. वर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून चांगली वाफ आणली की तो पुन्हा मऊ होतो.

मिठाचं सोपं आहे. कच्चा बटाटा मीठ ओढून घेतो हा समज फार पसरलेला आहे, पण बटाटा वेचून मीठ घेत नाही. तो खारट पाणी पितो, आणि उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. उपाय एकच, पदार्थ वाढवायचा. डाळीत कढत पाणी घाला, शक्य असेल तर बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा कुस्करलेला बटाटा मिसळा, वरून थोडं लिंबू पिळा. आंबटपणाने खारटपणा जिभेला जरा कमी जाणवतो. अशी डाळ आटवत मात्र बसू नका, पाणी जाईल आणि मीठ राहील. आणि डाळ वाढली म्हणून उद्यासाठी थोडी थंड करून ठेवता येते, तो फायदाच.

पण मुळात हा घोटाळा मिठाचा नव्हताच. तुमच्या घरात दोघं वेगवेगळ्या वेळी एकाच पातेल्यात स्वयंपाक करता. वहिनींनी जाताना डाळ शिजवून ठेवली तर मीठ घालायचंच नाही, मीठ नेहमी वाढणाऱ्याने घालायचं, असं दोघांत ठरवून टाका. मीठ चमच्याने मोजा, आणि बारीक मिठाऐवजी जाडं मीठ आणलं तर लक्षात ठेवा की जाड मिठाच्या चमच्यात वजन कमी भरतं. चव बघताना चमच्यातली डाळ फुंकून कोमट करा. उकळती डाळ जिभेवर घेतली की फक्त चटका कळतो, मीठ कळत नाही. टोमॅटो, चिंच, लिंबू असं काहीही आंबट डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला. आधी घातलं तर डाळ मऊ व्हायचं नाव घेत नाही.

बटाट्याला मिक्सर नको. पातं फिरलं की बटाट्यातल्या पेशी फुटतात, पिष्ट बाहेर सांडतं आणि खळ होते. ती पुन्हा बटाटा होत नाही. पाणी आणि दूध घालून तिचं सूप करा, तेवढं ते चांगलं लागतं. पुढच्या वेळी बटाट्याचे तुकडे थंड पाण्यात टाकूनच गॅस चालू करा, म्हणजे बाहेरून फुटून आतून कच्चे राहणार नाहीत. शिजल्यावर निथळून तेच पातेलं मिनिटभर मंद गॅसवर हलवा, वरची ओल उडते. मग हाताने किंवा वाटीच्या बुडाने कुस्करा. आधी लोणी, मग गरम दूध. थंड दूध घातलं की बटाटा लगेच निवतो आणि जड लागतो.

आता मुलीबद्दल. 'आईचा भात हवा' हे वाक्य तुम्हाला फार लागलेलं दिसतंय, आणि लागणारच. पण ती काय मागतेय ते नीट बघा. नऊ वर्षांचं मूल चवीचे बारकावे तोलत नसतं. तिला माहीत असलेला भात हवा आहे, काल होता तसाच आज. तुमचा भात आज कच्चा, उद्या लगदा, परवा करपट. त्यात तिला ओळखीचं काही सापडतच नाही. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने पोहोचतो, इतर संवेदनांसारखा वळसा घेत नाही. म्हणून रोज तोच वास, तीच वाफ, तेच ताट यांचा मुलांना एवढा लळा लागतो. कामावरून उशिरा आलेल्या मोठ्या माणसालाही दार उघडल्या उघडल्या शिजत्या भाताचा वास आला की बरं वाटतं ते त्यामुळेच. हा लळा तुमच्या भाताचाही लागेल, पण त्यासाठी तुमचा भात आधी रोज एकसारखा व्हायला हवा. आईच्या भाताची नक्कल करायला जाऊ नका. वहिनींना प्रमाण विचारा, जरूर विचारा, पण मग स्वतःच्या पातेल्यात स्वतःचं माप बसवा. मुलीला असा भात आवडतो की तसा, मऊ की मोकळा, हे तिलाच विचारा. मऊ म्हणाली तर तुमचं काम आणखी सोपं झालं, कारण मऊ भाताला पाणी जास्त लागतं आणि तो सहजी करपत नाही.

तिला स्वयंपाकघरात एक काम द्या. गॅसपासून लांब ओट्याशी उभी राहून चमच्यातलं भाताचं शीत फुंकून दोन बोटांत दाबून बघायचं. मधे पांढरा कणीदार ठिपका लागला तर भात अजून कच्चा, सगळीकडे सारखं दबलं तर झाला. नऊ वर्षांच्या बोटांना हे उत्तम कळतं. तुम्ही तेवढ्यात भांडी धुवा किंवा धाकट्याला जवळ घ्या. भात कधी झाला हे ज्या मुलीने ठरवलंय, ती त्याच्याबद्दल कुरकुर करायला सहसा जात नाही.

बाहेरून मागवायचं का? ज्या दिवशी अंगात ताप आहे, डोकं दुखतंय, त्या दिवशी खुशाल मागवा, त्याचं मनाला लावून घेऊ नका. रोज मात्र मागवू नका असं मी आग्रहाने सांगेन. तुम्ही पत्रात बिघडलेल्या जेवणांबद्दलच लिहिलंत. पण दमून घरी आलेला बाप मुलांसाठी शेगडी पेटवतो, हे मुलं रोज बघतात, आणि ते मला तुमच्या पत्रात सगळ्यांत मोलाचं वाटलं. ज्या रात्री सगळंच फसेल त्या रात्रीसाठी घरात अंडी, पाव आणि दूध असू द्या. पाव फ्रिजमध्ये नका ठेवू, तिथे तो लवकर शिळा लागतो. बाहेर ठेवा, नाहीतर थेट फ्रीजरमध्ये. अंडी फेटून मंद गॅसवर ढवळत राहा, थोडी ओलसर असतानाच खाली उतरवा, पातेल्याच्या उष्णतेवर ती आपोआप पूर्ण शिजतात. पाच मिनिटांत तिघांचं पोट भरतं.

या आठवड्यात बाकी काही नवीन करू नका. फक्त भात आणि पातळ डाळ, एकाच मापाने. तिघांच्या भाताला तुमच्या पातेल्यात शेवटी किती पाणी लागलं आणि मुलीने मऊ निवडला की मोकळा, हे मला नक्की कळवा.

तुमची,
ताई